दावं

दिवस मावळताना लंकाबाई मागच्या सीटवर टेकून बसल्या होत्या, तेवढ्यात गाडीची दारं खटकन लागली. कुणी हात लावला नव्हता. दोन्ही चाव्या बाहेर उभ्या पुंजाबाबांच्या मुठीत होत्या.

लंकाबाई आतून काचेवर थापा मारू लागल्या. सोमनाथने बापाच्या हातातून एक चावी ओढली आणि दार उघडलं.

"बसल्या बसल्या कोंडवाड्यात घातलं मला!" त्या म्हणाल्या.

कंपनी आपल्याच जुन्या विजेच्या गाड्या नाशिकच्या या शोरूममध्ये तपासून परत विकत असे. तिथला विक्रेता वाल्मीक खजील झाला. "आधीच्या मालकाच्या फोनमधल्या ॲपवरून गाडी काढायची राहिली. त्यांनीच घरून लॉक केली असणार."

"म्हणजे गाडी आमची आन् कुलूप त्यांचं?" सोमनाथ भडकला. "आई डायलिसिसला जाणार हाय हिच्यातून. घोटीवरून नाशिक, आठवड्याला तीन खेपा. आधी त्यांचं काढा. नायतर गाडी नको."

पुंजाबाबांनी हातात उरलेली चावी घट्ट धरली. गाडी नको म्हणजे परवा पुन्हा ती माणसं कोंबलेली वडाप जीप. येताना लंकाबाईंची मान खांद्यावर कलंडायची, आणि शेजारचे लोक अंग चोरून बसायचे.

वाल्मीकने फोन लावला. आधीचे मालक देवरे जवळच, इंदिरानगरात राहत होते. घरबसल्या एक बटण दाबलं असतं तरी भागलं असतं. पण "मी येतो," एवढंच ते म्हणाले.

रिक्षातून उतरले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि पायात घरातल्या चपला. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माणसांकडे.

"माफ करा. आत कुणी असेल असं वाटलं नाही. गाडी माझ्या मुलीची, दिशाची. ती लॉक करायला विसरायची. दिवस मावळला की मी घरून करायचो." ते थांबले. "होळीच्या आधी ती गेली. गाडी परत दिली, पण हात काही राहत नाही."

सोमनाथचा आवाज खाली आला. "तेवढं काढून टाका, काका."

देवरेंनी फोन उघडला. नकाशावर गाडीचा निळा ठिपका होता. अंगठा बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"लॉक नाही करणार पुन्हा. नुसतं कुठंय ते बघत जाईन. चालेल?"

सोमनाथने बापाकडे पाहिलं.

पुंजाबाबांनी मूठ उघडली. हातातल्या चावीला लोकरीचा पिवळा गोंडा होता. कंपनीने गाडी आतून-बाहेरून धुऊन काढली होती, हा तेवढा राहिला होता. त्यांनी नखाने त्याची गाठ सोडवली. वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

"आमच्यात जनावर विकलं तर दावं देत नाय," ते म्हणाले. "दावं ज्याचं त्याच्यापाशी. घेणाऱ्यानं आपलं आणायचं." गोंडा त्यांनी देवरेंच्या तळहातावर ठेवला. "हे तुमचं. आता तिला सोडा."

देवरेंनी गोंडा मुठीत धरला आणि बटण दाबलं.

ठिपका गेला. त्यांनी नकाशा बोटाने सरकवला. इंदिरानगर, हायवे, पार घोटीपर्यंत.

"दिसत नाही कुठं," ते म्हणाले.

गाडी त्यांच्या गुडघ्याला लागून उभी होती.