नागाचे कान

अनुसयाबाईंचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं आणि देवळाच्या मोरीतून नाग आत शिरला. त्यांच्या पायांपासून दोन हातांवर येऊन त्यानं फणा काढला. चिपळ्या थांबल्या. मंडळी जागच्या जागी थिजली.

शेजारचे तिवारीजी हात जोडून पुटपुटले, "नागराज सुनने आए हैं, बाईजी. गाइए, नाचिए, रुकिए मत."

बाईंनाही मनातून तसंच वाटलं. नाचायला त्यांनी पाऊल उचललं.

"मावशी, पाय आपटू नको," पुढ्यात बसलेली त्यांची नऊ वर्षांची भाची अक्षदा हळूच म्हणाली. "त्याला आपल्यासारखे कान नसतात. जमीन हादरली की त्याला लगेच कळतं. हवं तर गा, पण हलू नको."

बाईंनी पाऊल अलगद टेकवलं. तीस वर्षांत एका जागी उभं राहून त्या कधी गायल्या नव्हत्या. आज गायल्या. नाकावरून ओघळणारा घामसुद्धा पुसला नाही. अभंग संपता संपता नागानं फणा मिटला आणि तो आला तसा मोरीतून निघून गेला.

तिवारीजींचे डोळे भरून आले. "पूरा सुनकर गए."

"त्यानं नाही ऐकलं, भैया," अक्षदाला जवळ ओढत बाई म्हणाल्या. "मी ऐकलं."