जोडीचा फोटो

शेजारी शेजारी दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या एकीवर वहिदा केव्हाची बसून होती. दुसरी रिकामी.

फोटोग्राफी क्लबचं वर्षाखेरीचं स्नेहसंमेलन पडेगावच्या एका लॉनवर चाललं होतं. लाइटच्या माळा, गाणी, बक्षिसं, सगळं यथासांग पार पडलं होतं. राहिलं होतं फक्त जेवण, आणि जेवणाआधी वहिदाचा फोटो. म्हणजे वहिदाचा आणि तिच्या नवऱ्याचा, गयासचा. गयासचा औरंगपुऱ्यात स्टुडिओ. अर्ध्या शहराच्या लग्नांचे फोटो त्यानं काढले. स्वतःच्या निकाहात मात्र थोरल्यांनी कॅमेरा आत येऊ दिला नव्हता, आणि त्यानंतर गयासला काही ते जमलं नव्हतं. घरात दोघांचा मिळून असा एक फोटो नाही. थांब, जरा चांगला उजेड येऊ दे, असं म्हणता म्हणता नातवंडं शाळेत जायला लागली.

म्हणून आज तिनं क्लबच्या अध्यक्षालाच, ऋतुराजला, गाठलं. बाबा, तुम्ही इतके कॅमेरेवाले इथं जमलायत, आमच्या जोडीचा एक फोटो तेवढा काढा. ऋतुराज एकदम खूश झाला. असा काढतो चाची, की बघत राहाल. आणि जो तो आपापला कॅमेरा घेऊन धावला.

तिथंच सगळं घोडं अडलं. क्लबातल्या विश्वजीतला मागचा मांडवाचा खांब खुपला, म्हणून खुर्च्या उचलून चिंचेखाली नेल्या. चिंचेखाली अंधार, म्हणून लाइट आणला. लाइटनं चेहरा पांढराफटक दिसतो, म्हणून त्याच्यापुढं टेबलावरची चादर धरली. एक म्हणाला चाचींनी चष्मा काढावा. तिनं काढला. दुसरा म्हणाला, चष्म्याशिवाय चाची ओळखूच येत नाहीत. तिनं परत घातला.

ह्या पोरांचं एक वेळ सोसलं असतं. पण गयासचं काय करायचं? ज्याला फोटोत बसायचं, तोच बसेना. जरा टेकला की उठायचा. लाइट वर घ्या, चादर तिरकी धरा, ह्यांना काही येत नाही. मग खिशातून आपलं ते जुनं उजेड मोजायचं मीटर काढायचा, वहिदाच्या हनुवटीखाली धरायचा, काटा बघायचा आणि मान हलवायचा. पलीकडं नान-खलिया मांडून ठेवला होता. थंडीनं मटणाच्या त्या खलियावरची तर्री गोठायला आली होती आणि वहिदाच्या पोटात कावळे ओरडत होते.

"अजी, बैठो ना आता," ती दातओठ खात हळूच म्हणाली.

"तू हलू नको. तू फक्त हलू नको," गयास म्हणाला आणि परत उठला.

तिला रडू यायचंच काय ते बाकी होतं. मुद्दाम हिरवी बनारसी काढली होती, हातांवर मेंदी काढून घेतली होती. मेंदी कशाची म्हणून नवऱ्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. सगळे तिच्यावर पडलेला उजेड बघत होते, तिला कुणी बघत नव्हतं.

शेवटी जेवणाकडून हाक आली, की नान थंड झाले तर आम्हाला बोलू नका. त्यासरशी सगळे तिकडं पळाले. चादर रिकाम्या खुर्चीवर पडली. जेवल्यावर काढू, आता उजेड बरोबर बसलाय, असं म्हणत गयासही गेला.

वहिदा उठली आणि तडक ऋतुराजसमोर जाऊन उभी राहिली. आत्तापर्यंत काय काढलंस ते दाखव. हे नुसते उजेड बघायला काढलेत चाची, खरे नाहीत, असं म्हणत तो कॅमेऱ्याच्या पाठीवर एकेक दाखवायला लागला. ती आणि रिकामी खुर्ची. ती, रिकामी खुर्ची आणि चादरीचं टोक. परत ती आणि रिकामी खुर्ची. मग एक आला आणि तिनं त्याचं मनगटच धरलं.

त्यात बाजूनं गयासचा हात आला होता. चांगला कोपरापर्यंत. मनगटावर त्याचं काचेला चीर गेलेलं घड्याळ, बोटांत मीटर, मीटर तिच्या हनुवटीखाली. आणि ती वर त्याच्याकडं बघत होती, अशी चिडून, की ती कुणाकडं बघतेय हे घरातल्या कुणीही सांगितलं असतं.

"हाच दे मला."

"चाची, ह्यात चाचांचा हात आलाय."

"दिसतंय मला. हाच दे."

बरं, म्हणाला ऋतुराज. वहिदाचा जीव भांड्यात पडला. ती गयासशेजारी जाऊन बसली आणि पोटभर जेवली. तर्री गोठली होती, तरी काही बोलली नाही. घरात दिवाणाच्या वरची भिंत रिकामी आहे, तिथं लावायचा, हेही तिनं ठरवून टाकलं.

फिरनी खाताना तिचा फोन वाजला. फोटो आला होता. हिरवी बनारसी, मेंदीचे हात, चेहऱ्यावर कसा मऊ उजेड. गयासचा हात नव्हता. हनुवटीखाली जिथं त्याची बोटं होती, तिथं आता पदराच्या चुण्या होत्या. वहिदा एकटीच, कुणावर तरी चिडून बसली होती.

"मोबाइलवर घेऊन हात काढून टाकला, चाची," ऋतुराज समोरून म्हणाला. "ट्रायलचे सगळेच उडवले, हा मूळचासुद्धा. आता खऱ्या फोटोला कार्ड मोकळं."

गयासनं तिच्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि हनुवटीपाशी फोटो मोठा करून बारकाईनं बघितलं.

"वा," तो म्हणाला. "इथं हात होता, हे कुणाला कळणारसुद्धा नाही."