चटका

चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या मुलांच्या शब्बाथ शाळेत नरकाचा धडा आला की पाळकसाहेब मेणबत्ती पेटवायचे आणि एकेका मुलाला ज्योतीवर बोट धरायला लावायचे. "हा चटका क्षणभराचा. नरकात कायमचा," म्हणायचे. पोटच्या पोरीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. रिबेकाच्या बोटावर त्या चटक्याचा डाग अजून होता. आता ते थकले होते, म्हणून धडा ती घेत होती. पप्पा मागच्या बाकावर बसून बघत होते.

पहिला नंबर छोट्या शलाकाचा लागला. ज्योतीजवळ नेलेलं बोट मागे घेत तिने विचारलं, "टीचर, भाजलं की माझी आई फुंकर घालते. नरकात देव घालेल ना?"

नरकात दया नाही, हे उत्तर रिबेकाला लहानपणापासून पाठ होतं. पण आज ते तिच्या तोंडून निघेना. "घालेल गं," ती म्हणाली, मेणबत्ती विझवली आणि मागून पप्पांचा आवाज कधी कडाडतोय याची वाट बघत उभी राहिली.

पप्पा काठी टेकत पुढे आले. सगळ्या मुलांदेखत त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, डागावर अंगठा फिरवला आणि हळूच फुंकर घातली.