जंतूंची खुशाली

सातच्या ठोक्याला मुलाचा फोन आलाच. "आई, मेथीचं पाणी घेतलंस? आणि कारल्याचा रस? अगं, पोटातल्या चांगल्या जंतूंना उपाशी ठेवलंस, तर साखर आटोक्यात कशी यायची?"

शिवणकाम करणारी आई एरवी मशीन चालवता चालवताच "हो रे बाबा" म्हणायची. गेले आठ दिवस मशीनची खडखड बंद होती, तरी लेकाची चौकशी तीच, त्याच जंतूंची.

आज तिने फोन खांद्याशी दाबून धरला आणि डाव्या हाताने रसाचा अख्खा पेला मोरीत ओतला.



"तुझे जंतू अगदी मजेत आहेत. गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडून हात मोडला, तो माझा."