लंगडीची शिक्षा

"विचारलंस! आई, तू विचारलंस! चल, घाल लंगडी."

सोफ्यावर उजवा पाय उशीवर ठेवून बसलेल्या लेकीने फर्मान सोडलं. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आई दारातच थबकली. "आज कसा आहे गं पाय?" एवढंच तर तोंडून निसटलं होतं!

नियम समुपदेशक बाईंचा. लेकीचा घोटा मुरगळला त्याला वर्ष झालं. हाडं, शिरा, सगळं जागच्या जागी. तरी तेरा वर्षांच्या पोरीचा पाय धड जमिनीला टेकत नव्हता. "दुखणं खोटं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "चोर केव्हाच पळाला, पण डोक्यातली घंटा अजून वाजतेय. आणि तुम्ही येता-जाता विचारता ना, तेव्हा ती घंटा तुम्हीच हलवता." तेव्हापासून पायाची चौकशी बंद. जो विचारेल त्याने लंगडी घालत खोलीला फेरी मारायची. पंच अर्थातच लेक.

बाबा एका फेरीतच शहाणे झाले. आजोबा नुसत्या भुवया उंचावून विचारत. पंचांनी तेही पकडलं, पण वयाकडे बघून सोडून दिलं. आई मात्र सुधारेना. शाळेतली खेळाची शिक्षिका ती, अख्ख्या मैदानाला शिस्त लावायची. स्वतःच्या जिभेला लावणं काही जमेना. सोमवारपासून लेकीची शाळा पुन्हा सुरू व्हायची होती आणि लेक अजून भिंत धरून चालत होती. आईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

बादली ठेवून तिने वैतागत लंगडी घातली. लक्ष सगळं उशीवरच्या पायाकडे. टेबलाशी अडखळली आणि तिचा पाय टेकला.

"रडीचा डाव! पाय टेकलास!"

"बरं बाई, टेकला."

"आणि म्हणे खेळ शिकवते! अगं, वाकायचं नाही, नजर समोर. थांब, हे बघ."

लेक उठली. डावा पाय मागे दुमडला आणि उजव्यावर टुण, टुण, टुण करत खिडकीपाशी पोचली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या भुवया सवयीने वर जायला लागल्या, तशी शेजारी पेपर वाचणाऱ्या बाबांनी घाईघाईने तो त्यांच्यापुढे धरला. आईच्या ओठावर प्रश्न आला. डोळेही भरून आले. तिने दोन्ही गिळलं.

मग वर्षानुवर्षं पोरांना लंगडी शिकवत आलेली ती खेळाची शिक्षिका भोळाभाबडा चेहरा करून म्हणाली, "नाही गं कळलं. परत एकदा दाखव."