उघड्या साली

पिंपात आजही लिंबाच्या साली नव्हत्या.

म्हाताऱ्याने दाताळं घालून वरचा थर हलवला. बटाट्याच्या साली होत्या, चहाचा चोथा होता, अंड्यांची टरफलं होती, कुंडीतली सुकलेली फुलं होती. लिंबू नव्हतं. त्याने वाकून हुंगूनसुद्धा पाहिलं. ओल्या मातीचा छान वास आला. खत उत्तम जमत होतं, तरी म्हाताऱ्याने दाताळं पुन्हा खोल घातलं.

नोकरीत असताना तो घरोघरी विजेचे मीटर वाचायचा. नुसत्या आकड्यांवरून कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे आजारपण आहे, हे त्याला कळायचं. निवृत्त झाल्यावर परसातलं हे खताचं पिंप त्याच्या ताब्यात आलं आणि जुनी सवय इथेही कामाला आली. काकडी-गाजराच्या साली वाढल्या की बायकोने पुन्हा वजन कमी करायचं मनावर घेतलंय. त्या थांबल्या की ते मनावरून उतरलंय. बायको स्वतः पिंपाकडे फिरकत नसे. गांडुळं पाहिली की तिच्या अंगावर काटा यायचा.

पिंपात कचरा टाकायचं काम सुनेचं. संध्याकाळी कामावरून आली की ती स्वयंपाकघरातलं पातेलं आणून रिकामं करायची. नियम एकच, ओलं टाकलं की वर मूठभर सुका पाला, नाहीतर चिलटं होतात. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. चिठ्ठी लावल्याशिवाय बाटली जागची हलवायची नाही, अशी शिस्त अंगात मुरलेली. पाला घालायला ती कधी विसरली नव्हती.

म्हणून त्या दिवशी त्याला नवल वाटलं. बाकी सगळं नीट झाकलेलं आणि पाल्याच्या वर पिळलेल्या लिंबाची अर्धी फोड. दुसऱ्या दिवशी दोन. मग रोजच. "दमत असेल पोर," असं पुटपुटत तो त्यावर पाला टाकायचा. पुढे एका सकाळी तिचा चहा कपात तसाच राहिलेला दिसला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगा पोटात असताना बायकोही अशीच लिंबू हुंगत घरभर फिरायची.

तो कुणापाशी बोलला नाही. मागच्या वेळी आनंदाच्या भरात बायकोने ही बातमी शिंप्यापासून दूधवाल्यापर्यंत पोचवली होती. मग सगळं विस्कटलं आणि भेटेल त्याला "नाही राहिलं हो" हे सुनेलाच सांगत बसावं लागलं. तिचा तेव्हाचा चेहरा तो विसरला नव्हता. त्यात मुलगा बोटीवर, महिनोन्महिने लांब. या वेळी तिला बोलायचं नसेल तर नसेल. उभ्या जन्मात त्याने बायकोपासून काही लपवलं नव्हतं, ते या वयात लपवलं. फक्त सुनेच्या हातातली पाण्याची बादली तो काढून घेऊ लागला. वाळत घातलेले कपडे काढू लागला. वरच्या फळीवरचे जड डबे त्याने खाली आणून ठेवले.

"अहो, हे काय नवीन?" बायको म्हणाली. "माझ्या वेळी कुठे होते हे हात?"

"मीटर वाचत होते," तो म्हणाला.

आणि आता आठवडा होत आला, लिंबू बंद. सून घरी आली की खोलीत जाऊन पडायची. विचारायचं तरी कसं? जे तिने सांगितलंच नाही ते गेलं का, असं कोणत्या तोंडाने विचारायचं? काल त्याने पिशवीभर लिंबं आणून ओट्यावर ठेवली. "एवढ्या लिंबांचं करायचं काय, तुमचं डोकं?" म्हणून बायकोने तोंडसुख घेतलं. लिंबं तशीच पडून राहिली.

मागचं दार वाजलं. हातात भाजीच्या देठांचं पातेलं घेऊन सून परसात आली. सकाळची ती इकडे कधी यायची नाही. तिने उपसलेल्या पिंपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काय शोधताय, बाबा?"

"काही नाही गं. लिंबं..." त्याने दाताळं पिंपाला टेकवून ठेवलं. "लिंबं आता आवडेनाशी झाली का तुला?"

तिने पातेलं खाली ठेवलं.

"मळमळ थांबली, बाबा. तीन महिने होत आले की थांबते, असं डॉक्टर म्हणाल्या. काल त्यांनी ठोके ऐकवले. केवढे भरभर पडतात! घरी आले तर ओट्यावर ती पिशवी दिसली. म्हटलं, सकाळी तुम्हाला गाठून सांगायचंच."

म्हातारा पायरीवर मटकन बसला. डोळे भरून आले. हात मातीने माखलेले, म्हणून त्याने खांद्यालाच डोळे पुसले. एवढा आनंद त्याला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, आणि तो कसा दाखवायचा हे न कळून तो रागावला.

"मग त्या साली झाकायला काय होत होतं? मूठभर पाला टाकायचा. एवढी व्यवस्थित तू, आणि नेमकं तेवढंच विसरायचीस?"

"विसरत नव्हते," ती म्हणाली. "तोंडाने सांगायची भीती वाटत होती. पण एकटीला मनात ठेववतही नव्हतं. आणि सकाळी झाकण तर तुम्हीच उघडता ना, बाबा?"