बोटीवर काय न्यावं

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. दर वर्षी गळाने मासे धरायला ते ज्या बोटीतून खोल समुद्रात जायचे, त्याच बोटीवर यंदा मुलीने स्वतःसाठी जागा राखली आणि सामान भरायला घेतलं.

"झोक्यावर बसलीस तरी पोटात ढवळतं तुझ्या," आई म्हणाली. "बाबा बोलावून बोलावून थकले, तेव्हा ढिम्म हलली नाहीस."

मुलीने बोटवाल्या काकांना फोन लावला आणि काय काय भरलंय ते सांगितलं.

"छत्री? वारा एका फटक्यात नेईल की हो ताई! चाकांची बॅगही नको. टोपी घ्या, जाड स्वेटर घ्या, न घसरणारे बूट घाला."

"आणि बोट लागू नये म्हणून गोळ्या कुठल्या आणू?"

"त्या नका आणू. केबिनमध्ये आहेत. तुमचे बाबा दर वर्षी जुन्या टाकून नव्या ठेवायचे."

"पण बाबांना तर कधीच बोट लागली नाही, काका."

"त्यांना कुठली लागतेय! 'पोरगी येईल कधीतरी,' म्हणायचे. शेवटच्या खेपेला ठेवलेल्या गोळ्यांची मुदत अजून आहे, ताई."